रॅमचा आकडा सांगण्याआधी

रॅमचे भाव चढायला लागल्यापासून आपल्या प्रत्येकाच्या काउंटरवर एकच संवाद चालू आहे. गिऱ्हाईक कोटेशन वाचत जातो, बोट रॅमच्या ओळीवर थांबते आणि प्रश्न येतो, ‘ह्याचे एवढे कसे?’ आपण म्हणतो, ‘भाव वरूनच आलाय.’ ते खोटे नाही. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या एचबीएम मेमरीकडे कारखान्यांनी आपली क्षमता वळवली, जुन्या डीडीआर४चे उत्पादन आवरते घेतले, आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशियल’ नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदाच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. पणजीत बसून यातले काहीही आपल्या हातात नाही. जी स्टिक आपण विकतो ती त्या मशिनला खरोखर लागते का, एवढे पाहणे मात्र आपल्याच हातात आहे.

या महिन्यात हा प्रश्न फ्लाइट सिम्युलेटरच्या मशिनपुरता घेत आहोत. ५ जानेवारी २०२३ला मोपाच्या सड्यावरून प्रवासी विमाने सुरू झाली. आता पेडणे, डिचोली, साखळीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांत सिम्युलेटरसाठी मशीन मागणारा अप्रूपाचा राहिलेला नाही. त्यात विमानतळावर नोकरीला लागलेला तरुण असतो, सीपीएलची, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याची, स्वप्ने पाहणारी बारावीची मुलगी असते, आणि बोटीवरून कायमचे घरी आलेले एखादे तारवटी काकाही असतात, ज्यांना दाबोळीच्या धावपट्टीवर स्वतःच्या हाताने उतरायचे असते. या तिघांनाही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच छापील यादी मिळते, ती म्हणजे गेमिंग पीसीची. प्रोसेसर, कार्ड, एक टीबी एसएसडी, सोळा नाहीतर बत्तीस जीबी रॅम आणि दिवे लागणारे पंखे. या यादीबद्दलच आमची तक्रार आहे.

नेहमीच्या गेमचे जग बंदिस्त असते. कुठली खोली कुठल्या खोलीला लागून आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळे पुढे काय लागणार त्याची तरतूद तो आधीच करून ठेवतो. सिम्युलेटरला सगळी पृथ्वी सांभाळायची असते, आणि वैमानिक कुठे वळेल ते त्याला कळत नाही. विमान पुढे जाते तसा समोरचा भूभाग डिस्कवरून किंवा इंटरनेटवरून उचलायचा, उलगडायचा, रॅममध्ये मांडायचा, कार्डाच्या मेमरीत पाठवायचा आणि मागचा सोडून द्यायचा, हे काम दोन-तीन तास अखंड चालते. म्हणून इथे रॅम आणि डिस्क या दोन वेगळ्या ओळी नाहीत. एकीत काय लिहायचे ते दुसरीत काय लिहिले त्यावर ठरते, आणि दोन्ही ठरतात गिऱ्हाइकाच्या घरी येणाऱ्या इंटरनेटच्या तारेवर.

‘सिम्युलेटर अडखळतो? रॅम वाढवा’ हे उत्तर आपल्या तोंडात इतके घट्ट बसले आहे, की ते कुठून आले हेही पाहायला हवे. २००६ साली आलेला फ्लाइट सिम्युलेटर एक्स ३२ बिटांचा होता. त्याला जास्तीत जास्त ४ जीबी पत्त्यांची जागा मिळे. त्यावर सुबक विमानतळ, जड विमान, ढग असे एकेक चढवत गेले की ऐन उतरण्याच्या वेळी ‘आउट ऑफ मेमरी’चा संदेश येऊन सगळे बंद पडे. मशिनमध्ये ८ जीबी असो की १६, फरक पडत नसे, कारण अपुरी पडत होती ती जागा रॅमच्या स्टिकची नव्हतीच. तरीही लोकांनी रॅम विकत घेतली आणि आपण विकली. पुढे एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर ६४ बिटांचा झाला, २०१७मध्ये प्रीपेअर थ्रीडीची चौथी आवृत्ती ६४ बिटांत आली, तो अडथळा संपला. सवय मात्र राहिली.

आजचे चित्र बघा. मायक्रोसॉफ्टचा २०२०चा सिम्युलेटर १८ ऑगस्ट २०२०ला आला तेव्हा किमान ८, शिफारस १६ आणि उत्तम कामासाठी ३२ जीबी रॅम असे आकडे होते. डिस्कवर जागा मागितली होती १५० जीबी. डीव्हीडीवर घेणाऱ्यांसाठी युरोपात दहा दुहेरी थरांच्या डीव्हीडींचा संच निघाला होता. १९ नोव्हेंबर २०२४ला त्याची पुढची आवृत्ती आली आणि आकडे उलटे फिरले. रॅम दुप्पट झाली: किमान १६, शिफारस ३२, उत्तम ६४. डिस्क मात्र ५० जीबीवर उतरली. उरलेले गेले कुठे? तर इंटरनेटवर. तिथे किमान १०, शिफारस ५० आणि उत्तम १०० एमबीपीएस अशी मागणी आहे. विमानाचे बाह्यरूप, विमानतळाच्या इमारती, जमिनीची छायाचित्रे, सगळे उडता उडता खाली ओढले जाते. पहिल्या दिवशी सर्व्हरच इतके तुंबले की जगभरातले लोक लोडिंगच्या पट्टीकडे बघत बसले होते. त्यांच्यात ६४ जीबीवालेही होते.

आता हे मशीन डिचोलीच्या पलीकडे एखाद्या वाड्यावर बसवायचे आहे असे समजा. जून लागला, पहिला जोराचा पाऊस झाला, कुठेतरी माडाची झावळी तारेवर पडली. फायबर असले तरी दोन दिवस गेले. त्या घरी २०२४ची आवृत्ती आणि ६४ जीबी रॅम देणे म्हणजे विहिरीला पाणी नसताना मोठा पंप बसवणे. त्या गिऱ्हाइकाला रॅम कमी आणि डिस्क जास्त लागेल, कदाचित सिम्युलेटरही दुसरा लागेल. हे त्याला कोण सांगणार? छापील यादी सांगत नाही.

डिस्कचा हिशेब आपल्याच प्रदेशावर करून पाहू. एक्स-प्लेन पृथ्वीचे एक अंश रुंद आणि एक अंश उंच असे चौकोन पाडतो. आपला चौकोन १५ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. गंमत अशी, की पणजी, दाबोळी, मोपा, पेडणे, डिचोली, म्हापसा, मडगाव आणि वर सावंतवाडी-वेंगुर्ले हे सगळे याच एका चौकोनात येते. फोंडा जवळजवळ पूर्वेच्या रेषेवर बसते, वाळपई आणि सांगे पलीकडच्या चौकोनात जातात, तिथेच बेळगाव. पोळेंकडचे काणकोणचे टोक खालच्या चौकोनात. म्हणजे मोपाहून दाबोळी आणि परत एवढेच उडणाऱ्याला एक चौकोन पुरतो.

या चौकोनावर खरी हवाई छायाचित्रे पांघरायची तर ऑर्थो४एक्सपी हे फुकट साधन वापरतात. त्यात झूमची पातळी निवडावी लागते. सतराव्या पातळीला आपल्या अक्षांशावर एक ठिपका साधारण सव्वा मीटरच्या आत येतो. ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचा एक तुकडा, कार्डाला चालेल अशा दाबलेल्या रूपात, सुमारे ११ एमबीचा. एका चौकोनाला असे साडेपाचशेच्या आसपास तुकडे लागतात, म्हणजे सगळी जमीन धरली तर सहा जीबी. आपल्या चौकोनात निम्म्याहून जास्त अरबी समुद्रच आहे, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. एक पातळी वर गेलात, अठरावर, की ठिपका अर्धा होतो आणि जागा चौपट: सहाचे चोवीस. गिऱ्हाईक किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत जाणारा असला तर सहा-सात चौकोन धरा. सतराव्या पातळीला चाळीस जीबी, अठराव्याला दीडशेच्या वर. सगळ्या महाराष्ट्राला अठरावी पातळी हवी म्हणणारा भेटला तर त्याला दोन टीबी द्या आणि समजावून सांगा, की विमानतळाभोवती अठरा आणि बाकी सगळीकडे सोळा ठेवले तर उंचावरून फरक दिसत नाही. हे सगळे एकदा उतरवले की पाऊस असो, तार तुटो, उड्डाण थांबत नाही.

मोपाबद्दल एक जाता जाता. मायक्रोसॉफ्टचा २०२०चा सिम्युलेटर बाजारात आला तेव्हा मोपाचे काम चालू होते. न्यायालयीन स्थगिती उठून जेमतेम काही महिने झाले होते. त्यामुळे जुन्या छायाचित्रांत तिथे तांबडी माती दिसली तर गिऱ्हाइकाने मशिनला दोष देऊ नये. तो विमानतळ वेगळा जोडावा लागतो, आणि असे हाताने जोडलेले विमानतळ, विमाने, पोती भरल्यासारखी साठत जातात. ५० जीबीचा सिम्युलेटर वर्षभरात दोनशेवर जातो तो असा.

आता रॅमकडे. आमचे मत स्पष्ट आहे: आजच्या भावात सिम्युलेटरच्या नव्या मशिनला ३२ जीबी, १६च्या दोन स्टिक. एक ३२ची स्टिक देऊन ‘पुढे वाढवता येईल’ म्हणणे हा गिऱ्हाइकाचा तोटा आहे. डीडीआर५-६०००ची एक स्टिक सेकंदाला ४८ जीबी देते, दोन मिळून ९६. सिम्युलेटरचा मुख्य धागा सतत मेमरीकडे धावतो, त्याला अर्धा रस्ता बंद करून देण्यात काय अर्थ? मोठी कॅश असलेले एक्सथ्रीडी प्रोसेसर सिम्युलेटरमध्ये इतके चांगले का चालतात याचेही कारण तेच, मेमरीकडच्या फेऱ्या वाचतात. रॅमचा खर्च आवरून एखाद्याला त्या प्रोसेसरपर्यंत नेता आले तर जरूर न्या.

आणि स्टिक बसवताना प्रोसेसरपासून मोजून दुसरी व चौथी खाच. बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करणे. हे लिहायची लाज वाटते, पण दुरुस्तीला येणारी किती मशिने ६०००ची रॅम घालून ४८००वर चाललेली असतात, हे आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. चार स्टिकचा मोह टाळा. एएम५च्या बोर्डांवर चारही खाचा भरल्या की अधिकृत वेग ३६००वर येतो. ६४ लागणारच असेल तर ३२च्या दोन घ्या, सुरुवातीलाच.

६४ कोणाला लागते? टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’ नावाचा आकडा असतो, तो बघा. ‘इन यूज’ बघून निर्णय घेऊ नका. सिम्युलेटर चालू, ब्राउझर उघडा, हवामानाचे आणि एटीसीचे जोडप्रोग्रॅम चालू, अशा स्थितीत तासाभराने तो आकडा तीसच्या बराच वर जात असेल तर ६४ची गोष्ट करा. पंचविसाच्या आत राहत असेल तर त्या पैशांची यूपीएस विका.

यातच पेजफाइलची एक जुनी खोड सांगायला हवी. एसएसडीचे आयुष्य वाढावे म्हणून पेजफाइल बंद करून देणारे तंत्रज्ञ अजूनही आहेत. विंडोज प्रोग्रॅमला जेवढी मेमरी कबूल करतो त्याची मर्यादा रॅम अधिक पेजफाइल अशी असते. पेजफाइल काढली की ३२ जीबीचे मशीन रॅम शिल्लक असतानाही कबुली नाकारते आणि सिम्युलेटर काही न सांगता डेस्कटॉपवर येऊन पडतो. गिऱ्हाईक परत येतो, आपण आणखी रॅम विकतो, मर्यादा वाढते, आणि ‘बघा, रॅमच कमी होती’ म्हणून सगळे खूश. पेजफाइल एसएसडीवर, विंडोजच्या मर्जीवर सोडून द्या.

दुसरी गफलत कार्डाच्या मेमरीची. ८ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर अल्ट्रा ठेवून जड विमान घेतले की कार्डाची मेमरी ओसंडते आणि ओसंडलेला भाग साध्या रॅममध्ये येतो. तिथून कार्डापर्यंतचा रस्ता अरुंद, म्हणून चित्र अडखळते. लक्षण रॅम कमी असल्यासारखे, इलाज टेक्स्चरची पायरी एकाने खाली आणण्याचा, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की कोपऱ्यात फ्रेमचा फलक दिसतो. मशीन मुख्य धाग्यापाशी थांबले आहे की कार्डापाशी, आणि कार्डाची मेमरी किती भरली, हे तिथे लिहिलेले असते. पाच मिनिटांचे काम. ते न करता रॅम बदलणाऱ्याला आम्ही तंत्रज्ञ म्हणायला तयार नाही.

साठवणीबाबत बाजारात सगळ्यात जास्त विकला जातो तो आकडा सगळ्यात कमी उपयोगाचा आहे. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबी, चौथ्या पिढीची एनव्हीएमई सात हजार, पाचवीची चौदा हजारांपर्यंत. हे आकडे एक मोठी फाइल सलग वाचतानाचे. सिम्युलेटर हजारो छोट्या फाइली इथून तिथून उचलतो, आणि चार-चार केबीचे तुकडे एकेक वाचायला लावले तर साटा चाळीसच्या आसपास आणि चांगली एनव्हीएमई ऐंशीच्या आसपास येऊन थांबते. दुप्पट म्हणा, तेरापट म्हणू नका. फिरती हार्ड डिस्क याच कामात अर्धा एमबीही गाठत नाही, कारण दर वेळी तबकडी फिरून यायची वाट बघावी लागते. म्हणून निर्णय सोपा आहे. हार्ड डिस्कवर सिम्युलेटर नको, तिथे उतरवलेल्या झिप फाइली आणि बॅकअप ठेवा. पाचव्या पिढीच्या एसएसडीवर पैसे घालू नका, त्याच पैशांत चौथ्या पिढीची दुप्पट जागेची घ्या. जुन्या बोर्डावर साटाच लागत असेल तर गिऱ्हाइकाला कमीपणा वाटू देऊ नका, उड्डाण सुरू झाल्यावर त्याला फरक जाणवणार नाही.

फरक पडतो तो टीएलसी आणि क्यूएलसीत. स्वस्त क्यूएलसी डिस्क रिकामी असताना छान पळते, कारण ती मोकळ्या जागेचा काही भाग वेगवान पाटीसारखा वापरते. डिस्क भरत गेली की ती पाटी आक्रसते, आणि साठ जीबीचे अपडेट उतरवताना वेग हार्ड डिस्कच्याही खाली जातो. लिहिण्याच्या हमीतही अंतर आहे: एक टीबीच्या चांगल्या टीएलसीला ६०० टीबीडब्ल्यू हा नेहमीचा आकडा, क्यूएलसीत तो २००च्या घरात. सिम्युलेटर वाचतो जास्त, लिहितो कमी, पण रोलिंग कॅश ठेवली असेल तर लिहिणे वाढते. इंटरनेट मंद असलेल्या घरी ही कॅश मोठी ठेवावी, म्हणजे कालचा गोवा आज पुन्हा उतरवावा लागत नाही. आमची शिफारस: विंडोजला ५०० जीबी, सिम्युलेटरला वेगळी एक किंवा दोन टीबीची टीएलसी, आणि तिचा पाचवा हिस्सा कायम मोकळा. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर दीडशे जीबी पुन्हा उतरवण्याची पाळी येत नाही, आणि आपल्याकडच्या घरांत ही पाळी म्हणजे एक-दोन रात्री.

आता आपल्या हवेचे. मशीन महिनाभर बंद राहिले आणि चवथीला घरी आलेल्या मुलाने बटण दाबले तर पडदा काळा, हे दर वर्षीचे आहे. बहुधा रॅम गेलेली नसते, पट्ट्यांवर दमट खारी हवा बसलेली असते. आपण सगळे खोडरबर घेऊन घासतो. चालते, पण सोन्याचा थर मुळात पातळ, दर पावसाळ्यात घासला तर खालचा धातू उघडा पडतो आणि पुढचा गंज लवकर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सोडणारे कापड, आणि खाचेत फुंकर न मारणे. फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा जातो. गिऱ्हाइकाला सांगा, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर मशीन चालू ठेवा, आतली ऊब हाच त्याचा उपाय.

एनव्हीएमईवर बोर्डाचा धातूचा पत्रा बसवताना खालच्या मऊ पट्टीवरची पारदर्शक फिल्म सोलली का ते बघा. किती वेळा ती तशीच राहते! पेडण्याच्या मे महिन्यात, बंद खोलीत, ती डिस्क तापून वेग उतरवते आणि सिम्युलेटर दर वीस सेकंदांनी गचका खातो. गिऱ्हाईक म्हणतो रॅम, आपण म्हणतो रॅम, आणि कारण असते बोटभर प्लास्टिक. विजेचे तर बोलायलाच नको. अपडेट लिहिले जात असताना वीज गेली की फाइली अर्धवट राहतात, आणि घरगुती एसएसडीत अचानक वीज गेल्यावर लेखन पुरे करणारे कपॅसिटर सहसा नसतात. सिम्युलेटरच्या कोटेशनमध्ये यूपीएस ही ऐच्छिक ओळ नसावी.

पालकांना काय सांगतो तेही जपून सांगावे. घरच्या सिम्युलेटरवरचे तास डीजीसीएच्या लॉगबुकात धरले जात नाहीत, त्यासाठी मान्यताप्राप्त सिम्युलेटरच लागतो. रेडिओवरचे बोलणे, उपकरणे वाचणे, चेकलिस्टची शिस्त यांचा सराव घरी होतो, आणि तो मोलाचा आहे. ‘ह्याने पायलट होणार’ असे सांगून ६४ जीबी खपवणे बरे नव्हे.

तेव्हा कोटेशन लिहिण्याआधी विचारायचे ते एवढेच: कुठला सिम्युलेटर, कुठल्या प्रदेशात आणि कसल्या विमानाने उडणार, घरी इंटरनेट कोणते आणि पावसात किती टिकते. मशीन देण्याआधी आपल्याच दुकानात एक उड्डाण करा. दाबोळीहून मोपा, सरळ रेषेत सुमारे चाळीस किलोमीटर, हवामान पावसाळी, गिऱ्हाइकाला हवे तेच विमान. उतरल्यावर कमिटेडचा आकडा, कार्डाच्या मेमरीचा आकडा आणि एसएसडीचे तापमान बिलाच्या मागे लिहून द्या, शेजारी रॅम आणि डिस्कचे सिरियल नंबर. चार महिन्यांनी तो ‘अडखळतंय’ म्हणत परत आला की तेच उड्डाण पुन्हा करून आकडे ताडून बघता येतील, आणि रॅम विकायची की नुसती फिल्म सोलायची हे दहा मिनिटांत कळेल.